स्प्रिंग की डॉटनेट? त्याआधी उसाच्या एका खेपेचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावचा एक तरुण, डिप्लोमा झालेला, काही वर्षं पीएचपीत काम करतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी माल आत-बाहेर झाल्याची नोंद ठेवणारं आणि भाड्याची बिलं काढणारं सॉफ्टवेअर त्यानं एकट्यानं लिहिलंय, आणि ते व्यवस्थित चालतंय. आता साखर कारखान्यांची कामं करणाऱ्या सांगलीतल्या एका कंपनीत मुलाखत आहे. जाहिरातीत ‘एंटरप्राइज ॲप्लिकेशनचा अनुभव हवा’ असं लिहिलंय. त्याचं विचारणं: स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आधी शिकू की डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचं), मायक्रोसर्व्हिसेस (एकच ॲप्लिकेशन छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये तोडून लिहिणं) किती यायला हव्यात, आणि महिनाभरात हे जमेल का?

महिनाभरात फ्रेमवर्कची तोंडओळख नक्की होईल. पण तुमची अडचण फ्रेमवर्कची आहे असं मला वाटत नाही. तुम्ही आजवर जे लिहिलंत ते एका ऑपरेटरसाठी होतं. मालक शेजारच्या खुर्चीत, काही चुकलं तर तुम्हाला फोन, तुम्ही तासगावातच, संध्याकाळपर्यंत दुरुस्त. कारखान्यात त्याच नोंदीला एकाच वेळी काटा, शेती विभाग, गट ऑफिस, अकाउंट्स आणि बँक असे सगळे हात लावतात, आणि ते एकमेकांना विचारून लावत नाहीत. नियम तुमचे नसतात, सरकारचे आणि संचालक मंडळाचे असतात. पैसा तर तुमचाही नसतो आणि कारखान्याचाही पूर्ण नसतो. तो गावाकडे बसलेल्या, तुमचा स्क्रीन कधीही न बघणाऱ्या शेतकऱ्याचा असतो. आणि तुम्ही नोकरी सोडून गेल्यावरही ते सॉफ्टवेअर अनेक हंगाम चालणार असतं. एंटरप्राइज ॲप्लिकेशन म्हणजे एवढंच. बाकी सगळी तंत्रं या चार गोष्टींतून निघालेली आहेत, म्हणून ती त्याच क्रमानं शिकलेली बरी.

किती खोलात जायचं हे अर्थात तुम्ही कुठे जाणार त्यावर आहे. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत शंभर माणसांच्या टीममध्ये गेलात तर यातलं बरंचसं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असेल. तुम्हाला फक्त त्यात बसायचं. सांगलीतल्या दहा-बारा जणांच्या कंपनीत मात्र डेटाबेसच्या टेबलापासून कारखान्यातल्या क्लार्कच्या शिव्यांपर्यंत सगळं तुमच्याच वाट्याला येईल. मी दुसऱ्या प्रकारातला, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरून वाचा.

उसाची एक खेप घेऊ. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर येते, भरलेल्या गाडीचं वजन होतं, गव्हाणीत ऊस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, फरक म्हणजे निव्वळ ऊस. पावती निघते. पुढे या खेपेवरून शेतकऱ्याचं बिल, तोडणी टोळीचं बिल, वाहतूकदाराचं बिल अशी तीन बिलं निघतात. शेतकऱ्याच्या बिलातून विकास सोसायटीचं कर्ज वळतं होतं आणि उरलेली रक्कम बँकेत जाते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. म्हणजे ‘बिल रन (सगळ्यांची बिलं एकदम काढणारं काम) अडकला, सोमवारी बघतो’ हे वाक्य इथे फार महाग पडू शकतं.

आता बिल पोस्ट करणारं फंक्शन तुम्ही लिहिताय. त्यात किमान चार गोष्टी आहेत: शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा, सोसायटीची वसुली वजा, उरलेली रक्कम बँकेच्या यादीत, आणि त्या खेपांवर ‘बिल झालं’ अशी खूण. दुसरी गोष्ट झाल्यावर लाइट गेली तर? कर्ज फिटलेलं दिसतं, बँकेच्या यादीत माणूस नाही, आणि खेपांवर खूण नाही म्हणून पुढच्या रनमध्ये त्याच उसाचं बिल पुन्हा निघतं. चारही गोष्टी एकत्र होतील किंवा एकही होणार नाही, ही हमी म्हणजे ट्रान्झॅक्शन. ही हमी डेटाबेस देतो. कुठून कुठपर्यंत एक ट्रान्झॅक्शन हे मात्र तुम्ही ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्यातच निम्मं डिझाइन आहे.

स्प्रिंगमध्ये मेथडच्या डोक्यावर ‘ट्रान्झॅक्शनल’ची खूण लावली की झालं, असं बहुतेक ट्युटोरियल्स शिकवतात. दोन खाचखळगे ती सांगत नाहीत. एक, त्याच क्लासमधल्या एका मेथडनं दुसरीला थेट बोलावलं तर त्या दुसरीवरची खूण नेहमीच्या मांडणीत लागूच होत नाही, कारण स्प्रिंगचं काम बाहेरच्या प्रॉक्सीमार्फत, म्हणजे क्लासच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थामार्फत, चालतं आणि आतल्या आतला कॉल प्रॉक्सीला दिसत नाही. दोन, रनटाइम एक्सेप्शन आलं तर रोलबॅक होतो, म्हणजे केलेलं सगळं मागे घेतलं जातं, पण चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळायला जावा कंपायलर भाग पाडतो ते) आलं तर मूळ सेटिंगप्रमाणे कमिट होतो, म्हणजे झालेलं तसंच पक्कं होतं. हे मुलाखतीत विचारतात, आणि न विचारलं तरी माहीत हवं.

पण ट्रान्झॅक्शन लावलं म्हणजे सगळं सुरक्षित, हा त्याहून मोठा गैरसमज. हा भाग नीट वाचा, कारण एकट्या ऑपरेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कधी समोर येत नाही. एका शेतकऱ्याचं सोसायटीचं १८,००० रुपये कर्ज बाकी आहे. त्याचे दोन प्लॉट दोन वेगळ्या गटांत. दोन्ही बिलं एकाच क्षणी पोस्ट होतात. पहिलं ट्रान्झॅक्शन बाकी वाचतं: १८,०००. दुसरंही वाचतं: १८,०००. दोघंही १८,००० कापतात, दोघंही बाकी शून्य लिहितात, दोघंही यशस्वी. शेतकऱ्याचे ३६,००० गेले आणि खात्यावर सगळं बरोबर दिसतंय. एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती अलग ठेवायची, याच्या डेटाबेसमध्ये पातळ्या असतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची मूळ पातळी ‘रीड कमिटेड’ आहे, ती हे थांबवत नाही. पातळी ‘रिपीटेबल रीड’ला नेली तर पोस्टग्रे दुसऱ्याला एरर देऊन परत पाठवतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या नेहमीच्या स्टोरेज इंजिनात मात्र ‘रिपीटेबल रीड’ हीच मूळ पातळी आहे, आणि तिथे साध्या सिलेक्टनं वाचून मग लिहिलंत तर हाच घोटाळा गुपचूप होतो. एकाच नावाची पातळी दोन डेटाबेसमध्ये वेगळी वागते. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की कंपनीत कुठला डेटाबेस आहे ते पहिल्या दिवशी विचारा, फ्रेमवर्कचं नंतर.

यावर माझ्याकडे दोन औषधं आहेत आणि कुठलं कधी, हे परिस्थितीवर. पैशाची बाकी असेल, एकाच ओळीवर खरोखर झुंबड उडणार असेल, तर मी वाचतानाच ती ओळ लॉक करतो, म्हणजे ‘सिलेक्ट फॉर अपडेट’. दुसरा थांबतो, पहिल्याचं झालं की बाकी शून्य वाचतो आणि काहीच कापत नाही. याला किंमत आहे: लॉक धरून ठेवलेलं ट्रान्झॅक्शन छोटंच हवं, आणि सगळीकडे ओळी एकाच क्रमानं लॉक करायच्या, नाहीतर डेडलॉक, म्हणजे दोघंही एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून बसतात. दुसरं औषध माणसांच्या स्क्रीनसाठी. गट ऑफिसमधला क्लार्क शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलतोय, त्याच वेळी हेड ऑफिसात कुणीतरी त्याचं बँक खातं बदलतंय. दोघांनी फॉर्म उघडलाय, एक चहाला गेलाय. इथे डेटाबेसचा लॉक धरून बसणं म्हणजे वेडेपणा. टेबलात आवृत्तीचा एक कॉलम ठेवायचा. वाचताना ७ होती, तर लिहिताना ‘आवृत्ती ७ असेल तरच लिही आणि ८ कर’ असं सांगायचं. शून्य ओळी बदलल्या तर समजायचं की मधे कुणीतरी हात मारून गेलंय, आणि वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगायचं. जेपीएमध्ये (जावातून डेटाबेसशी बोलायची प्रमाण पद्धत) व्हर्जनची खूण लावली की हे आपोआप होतं. तुमच्या पीएचपीच्या सॉफ्टवेअरमध्येही एक कॉलम आणि एक अट एवढ्यात होईल. आजच करून बघा.

पैसा फ्लोटमध्ये ठेवू नका. ०.१ अधिक ०.२ केल्यावर संगणक ०.३०००००००००००००००४ देतो हे तुम्ही पाहिलं असेल, बायनरीत ०.१ नेमका मांडता येत नाही. जावात बिगडेसिमल, डॉटनेटमध्ये डेसिमल, डेटाबेसमध्ये न्यूमरिक. तेवढ्यानं भागत नाही. १०० रुपये तिघांत वाटले तर ३३.३३ प्रमाणे ९९.९९ होतात, उरलेला पैसा कुणाच्या नावावर, हे अकाउंट्सकडून लिहून घ्या. ते प्रोग्रामरनं परस्पर ठरवायचं नसतं. ऑडिटर लाख रुपयांचा फरक एकवेळ समजून घेईल, एक पैशाचा घेणार नाही, कारण एक पैशाचा फरक म्हणजे कुठेतरी सूत्र चुकलंय.

नियमांचं बघू. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. २०२५-२६ ला ती ३५५ आणि ३.४६ झाली. हे आकडे कोडमध्ये लिहिलेत तर दरवर्षी तुम्हालाच बोलावणं येईल, ते एक वेळ चालेल. खरा घोळ मागच्या हंगामाचं बिल पुन्हा छापायला सांगितलं की होतो: जुन्या उसाला नवा दर लागून छापून येतो. म्हणून दराचं टेबल ‘कधीपासून–कधीपर्यंत’ अशा तारखांसह ठेवायचं, आणि शिवाय बिल काढताना लागलेला दर बिलावरच कायमचा लिहून ठेवायचा. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी नकोत असं कॉलेजात शिकवतात, ते बरोबरच आहे. पण बिलावरचा दर म्हणजे त्या दिवशी काय घडलं याची साक्ष, ती दराच्या टेबलाची नक्कल नव्हे.

नियम कुठल्या थरात लिहायचे, यावर लोक तासन् तास भांडतात. माझी कसोटी साधी आहे. त्या नियमापर्यंत किती दारांनी पोचता येतं ते मोजा. कपातीचा नियम ऑफिसच्या स्क्रीनवरून लागतो, गट ऑफिसच्या मोबाइल ॲपवरून लागतो आणि रात्रीच्या बिल रनमध्येही लागतो. तो स्क्रीनच्या कोडमध्ये लिहिलात तर तीनदा लिहावा लागेल आणि तीन ठिकाणी वेगवेगळा सडेल. म्हणून मधे सर्व्हिसचा थर: स्क्रीननं फक्त विचारायचं-दाखवायचं, रिपॉझिटरीनं (डेटाबेसशी बोलणाऱ्या थरानं) फक्त आणायचं-ठेवायचं, निर्णय मधल्यानं. ट्रान्झॅक्शनही तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. याउपर थरांवर थर रचण्याचा शौक मला नाही. नुसती पुढच्याला हाक मारणारी पाच क्लासेसची साखळी दिसली की मी मधल्या कड्या काढून टाकतो.

आता बाहेरच्या जगाशी बोलणं. काट्यावरचा संगणक वजन पाठवतो, नेटवर्क मधेच तुटतं, उत्तर येत नाही. काटा पुन्हा पाठवतो. पण पहिली नोंद पोचलेली होती, फक्त पोच परत आली नव्हती. झाली एका खेपेची दोन. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं कधीच धरू नका. प्रत्येक नोंदीला ओळख काट्यावरच द्यायची, हंगाम, काटा आणि पावती नंबर मिळून, आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन. दुसऱ्यांदा तीच आली तर ‘मिळाली आहे’ म्हणून जुनंच उत्तर द्यायचं. बँकेला जाणाऱ्या पेमेंट फाइललाही हाच न्याय, तिथे तर जास्तच.

याचाच जुळा भाऊ म्हणजे एसएमएस. बिल पोस्ट करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘तुमच्या खात्यावर इतके रुपये’ असा मेसेज पाठवला आणि पुढच्या ओळीत एरर येऊन सगळं रोलबॅक झालं. डेटाबेस मागे गेला. मेसेज मागे येत नाही. दुसऱ्या दिवशी शेतकरी मोबाइल हातात धरून शेती ऑफिसच्या दारात. उपाय असा की ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेज पाठवायचा नाही, ‘पाठवायचा आहे’ अशी ओळ एका टेबलात लिहायची. कमिट झालं तर ती ओळही टिकते, नाहीतर तीही जाते. मग वेगळा एक प्रोसेस त्या ओळी वाचून पाठवत बसतो. याला आउटबॉक्स म्हणतात. एकच मेसेज दोनदा जाण्याचा संभव उरतो, पण खोटा मेसेज जात नाही. काफ्का किंवा रॅबिटएमक्यू, म्हणजे मेसेज इकडून तिकडे पोचवणारी तयार सॉफ्टवेअर्स, हे याच्या पुढचं पाऊल. एका कारखान्याच्या कामाला मला त्यांची गरज क्वचितच लागली आहे.

बिल रनबद्दल विचारलं नव्हतंत, तरी सांगतो, कारण नवीन माणसाला पहिलं काम बहुधा तेच मिळतं. हजारो शेतकऱ्यांचा रन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालायचा मोह होतो. एकाच्या डेटात घोळ निघाला की सगळे अडकतात, आणि तोवर लॉक धरलेले असतात. मी एका शेतकऱ्याला एक ट्रान्झॅक्शन देतो आणि रनची वेगळी नोंद ठेवतो: कोण झाले, कोण अडकले, कशामुळे. पहाटे तीनला मशीन बंद पडलं तर सकाळी येऊन ‘पुढे चालू’ एवढंच दाबायचं, झालेले पुन्हा होत नाहीत. अडकलेल्यांची यादी क्लार्कला समजेल अशा मराठीत हवी. ‘नल पॉइंटर’ त्याच्या काय कामाचं? ‘आयएफएससी कोड नाही’ असं म्हटलं तर तो दहा मिनिटांत भरून टाकेल.

हक्कांचं थोडक्यात. ‘ॲडमिन आहे की नाही’ एवढ्या एका खुणेवर कारखाना चालत नाही. कोणतं काम करता येईल हा एक प्रश्न, आणि कोणत्या गटाच्या नोंदींवर करता येईल हा दुसरा. बँक खातं बदलण्यासारख्या गोष्टीत एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं. पोस्ट झालेली नोंद डिलीट करायची नसते, उलटी नोंद घालायची असते. कुणी, कधी, आधी काय होतं, नंतर काय केलं, हे राहिलं पाहिजे. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदलांचा माग ठेवणं बंधनकारकच आहे. सहकारी कारखान्याला वेगळा कायदा, पण ऑडिटर त्याच धर्तीवर प्रश्न विचारतो.

वेगाच्या तक्रारींपैकी बहुतेक मला एकाच प्रकारच्या आढळतात. गावातल्या शेतकऱ्यांची यादी एका क्वेरीत आणली, मग प्रत्येकाचे प्लॉट आणायला ओआरएमनं (टेबलांच्या ओळी आणि ऑब्जेक्ट यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीनं) आपण होऊन आणखी एकेक क्वेरी मारली. लॅपटॉपवर २० शेतकरी, काही कळत नाही. मोठ्या गावात ८०० शेतकरी, म्हणजे ८०१ क्वेऱ्या. डेव्हलपमेंट करताना एसक्यूएलचा लॉग डोळ्यासमोर ठेवा, ही एवढी एक सवय पुरते. आणि स्प्रिंग बूटमध्ये येणाऱ्या हिकारी पूलची, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स उघडून तयार ठेवणाऱ्या साठ्याची, मूळ मर्यादा १० कनेक्शनची आहे. दहा जणांनी एकदम जड रिपोर्ट काढले की अकरावा, म्हणजे काटा, बाहेर उभा. काट्यामागे गाड्यांची रांग. रिपोर्टला वेगळा पूल द्या.

मायक्रोसर्व्हिसेस मुलाखतीत विचारतील, तर वाचून जा. पण वर जे चार गोष्टींचं ट्रान्झॅक्शन सांगितलं ते एका डेटाबेसमुळे फुकट मिळतं. बिल एका सर्व्हिसमध्ये आणि वसुली दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेलीत की ती हमी गेली. मग ती हातानं बांधायची, उलट्या नोंदींची साखळी लिहून. वेगवेगळ्या टीम्सना एकमेकांसाठी न थांबता काम सोडायचं असेल तेव्हा हा खर्च परवडतो. दहा जणांच्या टीमला आतून नीट भाग पाडलेलं एकच ॲप्लिकेशन बरं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. माझ्या पाहण्यात आपल्या भागातल्या कारखान्यांत आणि पतसंस्थांत डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हर जास्त आहे, पुण्याच्या कंपन्यांत जावा. मुलाखत देणार त्या कंपनीत जे आहे ते घ्या. वरच्या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे त्याच आहेत. जावा घेतलंत तर एक काळजी घ्या. हे जग १९९९ मध्ये जेटूईई नावानं सुरू झालं, २०१७ मध्ये ऑरेकलनं ते एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, नाव जकार्ता ईई झालं, आणि पुढे पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली. नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग बूट ३ ला जावा १७ लागतं आणि नवीच नावं लागतात. इंपोर्टमध्ये ‘जावाएक्स पर्सिस्टन्स’ दिसलं की ट्युटोरियल जुनं आहे समजा आणि दुसरं शोधा, नाहीतर दोन दिवस एररशी झुंजण्यात जातील.

महिना आहे तर असं करा. शेतकरी, खेप, दर, बिल, कर्ज अशी पाच-सहा टेबलं, दिसायला कसेही असोत असे दोन स्क्रीन, आणि एक रात्रीचा रन. मग ते मुद्दाम मोडा. दोन ब्राउझर उघडून एकाच शेतकऱ्याची नोंद बदला. रन चालू असताना प्रोसेस मारा आणि पुन्हा सुरू करा. तीच खेप दोनदा पाठवा. दर बदलून जुनं बिल छापा. प्रत्येक वेळी काय झालं आणि तुम्ही काय केलंत, हे दोन ओळींत लिहून ठेवा. मुलाखतीत ‘एंटरप्राइजचा अनुभव आहे का’ म्हणतील तेव्हा ‘नाही’ असं सरळ सांगा आणि ती वही पुढे ठेवा. मी समोर बसलो असतो तर स्प्रिंगच्या खुणा पाठ असलेल्या मुलाआधी तुम्हाला घेतलं असतं. तुमची मुलाखत घेणारा तसा असेलच याची खात्री नाही, म्हणून त्या दोन खाचखळग्यांची उत्तरं मात्र पाठ करून जा.